नुसता ठेवलेला हात

माझी सून फिजिओथेरपिस्ट आहे. सतत डोकं दुखणाऱ्यांच्या माना दाबते आणि त्यावर संशोधन करते. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, "दिवसभर माना दाबून घरी आली की आमच्या मुरगाळेल!" झालं उलटंच. माझी जुनी डोकेदुखी तिने घालवली आणि माझं तोंड बंद केलं. ते सोपं काम नाही, हे घरात कुणालाही विचारा.

"पोरीच्या हाताला गुण आहे," असं मी चारचौघांत सांगत सुटले.

"आई, अजून सिद्ध व्हायचंय ते," ती म्हणायची.

त्यासाठीच तिने वर्षानुवर्षं घाम गाळला. निम्म्या रुग्णांच्या मानेचे आखडलेले सांधे ती नीट दाबायची. उरलेल्यांच्या मानेवर तेवढाच वेळ नुसता हात ठेवायची. आपल्याला कुठला उपचार मिळाला हे रुग्णांना ठाऊक नसे. दुखणं कितपत उतरलं ते विचारणाऱ्या तिच्या मदतनीस मुलीलाही नसे. "मलाही घे की त्यात," म्हणून मी हटून बसले. घरची माणसं चालत नाहीत म्हणे!

शेवटी निकाल हाती आला. दोन्हीकडच्यांचं दुखणं उतरलं होतं, पण सारखंच. दाबण्याचा वेगळा फायदा दिसलाच नाही. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

"अगं, मी बरी झाले ना? तेच सांग सगळ्यांना."

"तुम्ही बऱ्या झालात, आई. पण कशाने, ते मला माहीत नाही. आहे तेच सांगणार."

आणि सांगितलंन. त्यांच्या परिषदेच्या सभागृहात मी शेवटच्या रांगेत होते. "माझी पद्धत नुसत्या हातापेक्षा सरस ठरली नाही," ती स्पष्ट म्हणाली. पुढे कुणीतरी खुसखुसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी असते तर रुग्णांवर खापर फोडून मोकळी झाले असते. तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

घरी आल्यावर मात्र ती कपाळ धरून खुर्चीत बसली. "डोकं फुटतंय," म्हणाली.

मी मागे जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला.

"आई, तुम्हाला कुठे येतं हे?"

"नाहीच येत. नुसता ठेवलाय. तेवढ्यानेही उतरतं, आजच भरसभेत सांगितलंस ना?"

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी हात काढला नाही.