सोनेरी चौकोन

छापखान्यात तिला सगळे भिंगवाली म्हणत, कारण छपाई तपासायचं भिंग कायम तिच्या गळ्यात लटकलेलं असे. वडिलांच्या मागे छापखाना तिनेच सांभाळला होता. तिच्या नजरेतून सुटलेली चूक अजून तरी कुणाला सापडली नव्हती.

त्या दुपारी चष्म्याच्या दुकानाची पाच हजार पत्रकं छापायला घेतली होती. 'कोड स्कॅन करा, डोळ्यांची मोफत तपासणी करून घ्या' असा मजकूर, आणि खाली कोपऱ्यात चिमुकला सोनेरी क्यूआर कोड. पहिली दहा-बारा पत्रकं बाहेर पडली तशी तिने एक उचलून त्यावर मोबाइल धरला. काही उघडेना.

"मशीन बंद करा," ती म्हणाली.

जाहिरात तयार करणारा शेजारीच उभा होता. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "का हो? उद्या सकाळी वाटायची आहेत."

"कोड वाचला जात नाहीये."

"माझ्या फोनवर तर लगेच उघडतो!" त्याने करून दाखवलं. खरंच उघडला.

"तुमचा फोन नवाकोरा आहे. सगळ्यांकडे कुठून येणार तसला?" तिने मशीनवाल्याचा, बाइंडरचा आणि पत्रकांना घड्या घालणाऱ्या आत्याचा फोन मागून घेतला. बाइंडरच्या फोनची काच तर तडकलेलीच होती. एकावरही कोड उघडला नाही.

"सोनेरी शाई, फिक्कट कागद. आपल्याला छान दिसतं, पण कॅमेऱ्याला काही उमगत नाही. शिवाय अक्षरं कोडला खेटून बसवलीत तुम्ही. त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते."

"पण मालकांना सोनेरीच हवाय. दुकानाचा रंग आहे तो."

"मग मालकांशी मीच बोलते." तिने तिथल्या तिथे फोन लावला. "साहेब, ज्यांना नीट दिसत नाही त्यांना बोलवताय, आणि तुमचा कोड धडधाकट फोनलाही दिसत नाहीये."

मालक मोठ्याने हसले. "करा काळा!"

पांढऱ्या चौकटीत काडेपेटीएवढा काळा कोड बसवला. आता चारही फोनवर पान उघडलं. जाहिरातवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला, पण भिंगवाली थांबायला तयार नव्हती.

"आत्या, तू वेळ घेऊन दाखव बघू."

आत्याने चष्मा नसलेले डोळे बारीक केले. "नाव टाकलं. आता जन्मतारीख विचारतंय. व्यवसाय. ई-मेल. अगं, डोळे तपासायचेत की स्थळ बघायचंय?"

बाइंडरला हसू आवरेना. जाहिरातवाला ओशाळला. "ती माहिती पुढच्या जाहिरातींसाठी लागते."

"आधी माणूस दुकानात तर येऊ दे," भिंगवाली म्हणाली.

तो लॅपटॉप उघडून बसला. नाव, फोन नंबर आणि वेळ, एवढंच ठेवून बाकी सगळं त्याने उडवलं. पानाचा पत्ता तोच असल्यामुळे कोडला हात लावावा लागला नाही. आत्याने पुन्हा स्कॅन केलं आणि मिनिटभरात मान वर केली. "गुरुवारी अकरा वाजता या म्हणतंय."

"ही नुसती चाचणी होती. मी रद्द करायला सांगतो," जाहिरातवाला म्हणाला.

"रद्द कशाला? माझ्या हाताने वेळ घेतलीय. मी जाणार!"

आणि ती गेली. तपासणीत डाव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात निघाली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, त्यामुळे तिला कधी शंकाही आली नव्हती. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी थेंब सुरू केले. ऐकताच भिंगवाली हातातलं काम टाकून आत्याजवळ येऊन बसली. आत्या मात्र चिठ्ठी फडकवत म्हणाली, "सापडलं ना? मग आता काय घाबरायचं!"

पंधरवड्यात दुकानाच्या वेळा भरून गेल्या. जाहिरातवाला पुढचं काम घेऊन आला, ते बसच्या पाठीवर लावायचं मोठं पोस्टर होतं. मधोमध क्यूआर कोड.

भिंगवालीने पोस्टर टेबलावर पसरलं. "बसच्या मागे गाडी चालवणाऱ्याने स्टिअरिंग सोडून फोन काढायचा?"

त्याने खिशातलं पेन काढलं, कोडवर काट मारली आणि तिथे दुकानाचा फोन नंबर भल्या मोठ्या आकड्यांत लिहिला.