बाबांच्या हातचं माप

मी वाळूचा थैला बोलतोय. घाईत असाल तर खुशाल पुढे जा, मी रागावणार नाही. बसलात तर मात्र सावकाश ऐका. पोटात वाळू असणाऱ्याला भरभर बोलता येत नाही.

माझा जन्म एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हातून झाला. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणं हा त्याचा धंदा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात तो आणि त्याची मुलगी. ती त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांच्या मापावर सगळ्या गल्लीचा विश्वास. नुसत्या नजरेनं सांगायचे, ही ताडपत्री दोन बोटं कमी पडेल. आणि ती बरोबर दोन बोटं कमी पडायची.

मुलगी एका गोदामात खोकी भरायला जायची. त्या गोदामाला एकदा आग लागली, तेव्हा अग्निशमन दलातल्या एका बाईनं तिच्या मैत्रिणीला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. त्या दिवसापासून हिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. आपणही त्या दलात जायचं. भरतीची परीक्षा एकच, पण जीव काढणारी. चाळीस किलोंचं पोतं खांद्यावर घ्यायचं, चार मजले चढायचे आणि उतरायचे, तीन मिनिटांत. मागच्या खेपेला ती तिसऱ्या मजल्यावर कोसळली होती. यंदाची संधी शेवटची. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं.

म्हणून बाबांनी मला शिवलं. उरलेल्या ताडपत्रीचं दुहेरी कापड, मेण लावलेला दोरा. सुरुवातीला माझ्या पोटात वीस किलो वाळू भरली. पुढे दर रविवारी एक मगभर वाळू. तो पांढरा मग भंगारवाल्याच्या काट्यावर जोखून आणलेला होता. एक मग म्हणजे बरोबर एक किलो. वीस रविवारांत चाळीस व्हायचे होते.

शेजारीण म्हणायची, लग्नाला नको म्हणते, आणि नवरा मात्र खांद्यावर घेऊन हिंडते. मुलगी हसायची आणि म्हणायची, हा बरा आहे काकू, जेवायला मागत नाही. तेव्हापासून माझं नाव नवरोबा पडलं.

गोदामाचा जिना चार मजली, बहात्तर पायऱ्यांचा. कामाला लागण्याआधी ती मला घेऊन तो चढायची. शिकवायला शिट्टीकाका होते. दलातून निवृत्त झालेले, पण भाजी आणायला जातानाही गळ्यात शिट्टी. ते खाली घड्याळ घेऊन उभे राहत. त्यांचं एक बोलणं मला पाठ झालं आहे.

"दमलेला माणूस दोनदा दमतो, पोरी. आधी डोक्यात, मग पायात. डोक्याला फसवता येतं. पायांना नाही."

माणसाचं दमणं मी फार जवळून पाहिलं आहे. माझं तोंड तिच्या कानापाशी असायचं. पहिल्या मजल्यापर्यंत श्वास ऐकू यायचा नाही. दुसऱ्यावर तो करवतीसारखा व्हायचा. तिसऱ्यावर तिचं काळीज माझ्या वाळूत धडधडायचं, आणि तिथं ती स्वतःशी पुटपुटायला लागायची, फक्त ही पायरी, फक्त ही. मांड्या लटपटायच्या. घाम माझ्यात मुरायचा. कठड्याला टेकून ती एकदा ओकली, तोंड पुसलं आणि मला पुन्हा उचललं. कितीदा तरी म्हणाली, उद्या येणार नाही. उद्या उजाडला की आलेली असायची.

भार तिसावर गेला आणि तिच्या खांद्याचं कातडं सोललं. सदरा चिकटायचा, काढताना रक्त यायचं. त्या रविवारी दुपारी ती हातातला घास ताटात तसाच टाकून झोपली. बाबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. मग उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझी शिवण उसवली.

सकाळीच तिच्यादेखत घातलेला मग त्यांनी परत काढला. शिलाईच्या यंत्राखाली रंगाचा एक रिकामा डबा होता, त्यात ओतला. कापड थोडं आत मुडपून शिवलं, म्हणजे मी होतो तसाच टम्म दिसलो. हात कसलेला, शिवण कुणाला ओळखू येईना. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण थैल्याचं तोंड शिवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन न थांबता चौथ्या मजल्यावर पोचली. पहिल्यांदाच. घरी येऊन म्हणाली, बाबा, मी पोचले. तिचं ते हसणं बघितलं आणि बाबा अडकले. त्यानंतर दर रविवारी सकाळी एक मग आत, आणि ती झोपली की एक मग बाहेर. ती समजत होती चौतीस, पस्तीस, छत्तीस. मी तिथंच, एकोणतिसावर. त्यांना वाटत होतं, हिंमत वाढली की शेवटचं ओझं हिंमतच उचलेल. मायेची माणसं हिशेब असाच करतात.

शिट्टीकाकांनी एकदा विचारलं होतं, पुन्हा काट्यावर घातला होता का याला? मुलगीच हसली. म्हणाली, बाबांचं माप आहे काका. मग काकाही हसले. दुसऱ्या कुणाचं माप असतं तर त्यांनी नक्की जोखून पाहिलं असतं.

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा बाबांना भीती वाटली. त्यांनी चार मग एकदम परत घातले. त्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावरच बसली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून म्हणाली, माझ्यात काही उरलं नाही, बाबा. संपले मी. रात्री ती झोपल्यावर त्यांनी ते चारही मग बाहेर काढले. तेवढी एक शिवण त्यांची वाकडी गेली आहे. तिची भोकं अजून दिसतात.

परीक्षेच्या दिवशी ती मला सायकलला बांधून घेऊन गेली. नवरोबाशिवाय कशी जाऊ, म्हणाली. मैदानाच्या भिंतीला टेकवून तिनं माझ्यावर थाप मारली. समोर चार मजली जिना आणि त्याच्या पायथ्याशी दलाची पोती होती, पांढऱ्या रंगात चाळीस लिहिलेली.

शिट्टी झाली. तिनं वाकून पोतं उचललं, आणि मध्येच थांबली. पोतं खांद्यावर गेलं होतं, पण तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग धावली.

तिला कळलं होतं, तरी ती धावली. मला तिचा श्वास खालून ऐकू येत होता. पहिल्या मजल्यावरच करवत सुरू झाली. तिसऱ्या मजल्यापाशी पावलं सावकाश झाली, मग एकेक, मग बराच वेळ काहीच नाही, मग आणखी एक. वेळ संपल्याची शिट्टी वाजली. वर जाऊन आलेला माणूस सांगत होता, ती पोतं मांडीवर घेऊन बसली आहे, सोडत नाही.

परतताना ती भंगारवाल्यापाशी थांबली आणि मला काट्यावर ठेवलं. काटा एकोणतिसावर थांबला. तिनं तो आकडा वाचला आणि मला परत सायकलला बांधलं. गाठ नेहमीसारखीच घट्ट मारली.

बाबा दारातच उभे होते. तिच्या तोंडाकडे बघून त्यांना उत्तर मिळालं, तरी विचारलं, "पोतं फार जड होतं का गं?"

ती चपला काढत होती. वर न बघता म्हणाली, "नाही हो बाबा. आपल्या नवरोबाएवढंच होतं. मीच कमी पडले."

त्या रात्री दोघं जेवली. वाढ, घे, पुरे, एवढंच बोलणं झालं.

याला आता चार वर्षं झाली. ती अजून त्याच गोदामात खोकी भरते. कुठं आगीची गाडी गेली की हातातलं काम थांबतं, आवाज विरला की सुरू होतं. शिट्टीकाका वारले. मी वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी असतो.

मागच्या महिन्यात ती कामावर गेल्यावर बाबा यंत्राखालून रंगाचा डबा घेऊन आले. नजर गेली आहे, चाचपडत शिवण उसवली. एकेक करत अकराही मग माझ्यात घातले आणि मला शिवलं. शिवून झाल्यावर माझ्यावरून हात फिरवला. चुकलं म्हणायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिनं मला रोजच्यासारखं एका हातानं सरकवायला पाहिलं. मी हललो नाही. ती थांबली. खाली बसून माझ्या शिवणीवर बोट फिरवलं, मग बाबांच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं.

मी आता पुरता चाळीस किलोंचा आहे. माझ्यात खोट राहिलेली नाही, आणि आता त्याचा कुणाला उपयोगही नाही. माझं मागणं एवढंच आहे, की तुमच्या घरी कुणी असं ओझं उचलत असेल, तर त्याचे खांदे बघून रडा, तेल लावा, पण त्याचं माप त्याला खरं सांगा.

ती उठली, केरसुणी घेतली. तेव्हापासून ती माझ्या भोवतीनं केर काढते.