पिवळ्या बादलीतल्या परदेशी गोळ्या

झाकणाला हात लावण्याआधी ऐका, मित्रांनो. मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे आणि माझ्यात बिस्किटं नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर ज्याने ज्याने मला हौसेनं उघडलं, त्याने आतली औषधं बघून तोंड वाकडं केलं. अशानं माझा स्वभावच संशयी झाला आहे. कोणी जवळ आलं की वाटतं, याला नक्की काय हवंय?

माझा जन्म बँकॉकजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. झाकणावर मात्र बर्फातला राजवाडा छापला गेला. मी काही बर्फ पाहिलेला नाही, राजवाडाही नाही. पण त्या चित्रामुळे सगळे मला परदेशी समजू लागले आणि मीही गप्प बसलो. मान मिळत होता, कोण नको म्हणेल? टॅक्सी चालवणाऱ्या वितने मला नव्या वर्षाची भेट म्हणून विकत घेतलं आणि गावी आपल्या आईला, लमाई आजीला, आणून दिलं. बिस्किटं चार दिवसांत संपली. मग आजीनं मला धुऊन पुसून औषधांसाठी ठेवलं. तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतो. समोर गल्ली, गल्लीपलीकडे ताडाची झाडं आणि त्यांच्यामागे विहाराचं लाल छप्पर.

आजीला साखरेचा आजार. तिच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून येत. साधी प्लास्टिकची पिशवी, वर उगवत्या सूर्याचं चित्र, म्हणजे सकाळी घ्यायच्या. पैसे काही द्यावे लागत नसत आणि इथेच आजीचं घोडं पेंड खायचं.

"फुकट कोण कोणाला देतं गं?" ती गावच्या आरोग्य-सेविकेला, मालिवनला, विचारायची. "सरकार काय माझा जावई लागतो? पीठ असणार त्यात नुसतं."

"पीठ असतं तर तुमची साखर उतरली असती का, आजी?" रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळत मालिवन म्हणायची.

"ती माझ्या पथ्यानं उतरली," असं म्हणून आजी भातावर आणखी थोडं नारळाचं दूध ओतून घ्यायची. मला हसू यायचं, पण पत्र्याला हसता येत नाही.

हे पिठाचं पुराण आजीनं फोनवर वितलाही ऐकवलं. पोरगं घाबरलं. त्यानं शहरातल्या मोठ्या दुकानातून परदेशी गोळ्या पाठवायला सुरुवात केली. चकचकीत खोकं, सोनेरी अक्षरं. त्यासाठी तो रविवारचीही टॅक्सी काढू लागला. आजीनं ते खोकं माझ्यात ठेवलं, प्लास्टिकच्या पिशवीला लागून. मला त्या खोक्याचा पहिल्या दिवसापासून संशय होता. चकचकीत झाकणाखाली काय असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

पण आजी त्या गोळ्या स्वतः घेईना. तिचं ठरलेलं होतं, पुण्याला लावायचं ते उत्तमातलं उत्तम. दर उपोसथाला, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी, ती विहारात पिवळी बादली दान द्यायची. त्यात साबण, चहा, मेणबत्त्या असायच्या. आता सगळ्यात वर ते चकचकीत खोकं येऊ लागलं. थोरले भंते प्रसित यांनाही साखरेचाच आजार होता. दिवस उजाडला की गाव त्यांच्या भिक्षापात्रात गोडधोड घालतं, दुसरं काय होणार? "भंतेजींना पिठावर कसं ठेवायचं?" असं म्हणत आजी स्वतः ते पीठ गिळायची आणि लेकाच्या घामाच्या गोळ्या बादलीत ठेवायची. तिचा जीव खरोखरच त्या म्हाताऱ्या भंतेजींवर होता, हे मी मान्य करतो.

आमच्या समोर सायुत राहायची. ती विधवा बाई दोन वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आली आणि दारातच आमटी-भात विकू लागली. बाहेरून आलेली म्हणून गावाची नजर तिच्यावर असायचीच, आणि आजीची तर पापणीही लवत नसे.

एका सकाळी भंतेजी भिक्षेला आले. सायुत भाताची ओगराळी घेऊन वाकली, तेवढ्यात त्यांच्या हातातलं पात्र निसटलं आणि ते तिथेच कोसळले. अंगाला दरदरून घाम सुटला होता. सायुतनं मागे-पुढे पाहिलं नाही. आमच्याकडे बाई भंतेजींच्या अंगावरच्या चिवरालाही हात लावत नाही. पण तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ताडगुळाचा पाक बोटानं त्यांच्या हिरड्यांना चोळला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती चोळतच राहिली.

आजी माझ्या शेजारी, खिडकीत उभी होती. तिचा हात माझ्या झाकणावर होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बाईनं भंतेजींना शिवलं. तोंडात काहीतरी घातलं. कोणी म्हणालं, ते तर आधीच कोसळले होते, सकाळपासून अन्नाचा कणही पोटात नव्हता. त्यावर आजी फणकारली, "मग तिनं काल पात्रात घातलेली आमटी असेल. तिच्या पातेल्यात काय शिजतं, कोणी बघितलंय?"

बस, एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सायुतकडे कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चूलच पेटवली नाही, रिकामी पातेली घासून हातगाडीवर रचायला घेतली. भंतेजी दवाखान्यात होते आणि जगतात की नाही, ते कोणी नीट सांगत नव्हतं. आजीचं जेवण सुटलं. ती दिवसभर माळ ओढत होती, मध्येच समोरच्या दाराकडे बघून दात खात होती.

तेवढ्यात मालिवन आली. तिनं मला खाली उतरवलं, झाकण काढलं आणि सरकारी पिशवी बाहेर घेतली. मग आपल्या थैलीतून एक चकचकीत खोकं काढलं.

"हे भंतेजींच्या झोळीत सापडलं. तुमचंच ना?"

"दानाचं आहे. त्यात काय वावगं?"

"दोन्हीतली एकेक पट्टी घ्या. मोठी अक्षरं सोडा, खालची बारकी बघा."

"मला ती इंग्रजी वाचता येत नाहीत."

"वाचू नका. जुळतात का तेवढं बघा."

आजीनं चष्मा लावला. एका पट्टीवर डाव्या हाताचं बोट, दुसरीवर उजव्या हाताचं. दोन्ही बोटं अक्षरा-अक्षरानं पुढे सरकली आणि शेवटाशी एकदमच थांबली.

"सारखीच आहेत," आजी म्हणाली.

"एकच औषध आहे, आजी. भंतेजींना दवाखान्यातून मिळत होतंच. त्यांना वाटलं तुमचं वेगळं. सरकारचंही मन मोडू नये, लमाईचंही मोडू नये, म्हणून रोज पहाटे दोन्ही घेत होते. त्यातून भिक्खूंनी दुपारनंतर काही खायचं नाही. साखर तळाला गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कोणी गोड पाक दिला म्हणून जीव वाचला. आज सकाळी उठून बसलेत."

आजीनं पट्ट्या खाली ठेवल्या. "आणि ते फुकटचं?"

"फुकट कसलं? वित पेट्रोल भरतो, त्याच्या करातूनच येतं ते. त्यानं एकाच गोळीचे दोनदा पैसे मोजले."

मला त्या क्षणी आजीची फार दया आली. तिला रडू येत होतं, पण मालिवनसमोर ती रडली नाही. तिनं पदर सावरावा तसा पंचा खांद्यावर ओढला, मला काखोटीला मारलं आणि गल्ली ओलांडली. लोक आपापल्या दारांतून बघत होते.

सायुत गाडीला दोर आवळत होती.

"चुलीवर काय आहे गं?" आजीनं विचारलं.

"चूल थंड आहे, आजी. कोणी घेतच नाही, रांधू कोणासाठी?" ती मान वर न करता म्हणाली. "परवाची आमटी आहे एका पातेल्याच्या तळाला थोडी."

आजी तिच्या बाकावर बसली. मला तिनं सगळ्यांना दिसेल असं समोर ठेवलं.

"वाढ मग," ती मोठ्यानं म्हणाली. "परवाचीच वाढ."

सायुत तिच्याकडे संशयानं बघत राहिली, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मग तिनं गाडीचा दोर सोडला, पातेलं काढलं आणि चूल पेटवली. आमटी आंबूस झाली होती. आजीनं वाटी चाटून पुसून संपवली.

आता माझ्यात फक्त प्लास्टिकची पिशवी असते आणि वित रविवारी झोपतो. मी म्हातारा झालोय, राजवाड्यावर गंज चढलाय. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्यातली गोळी प्रेमानंसुद्धा दुसऱ्याला देऊ नका, आणि कमी पैशांत मिळाली म्हणून तिला कमी लेखू नका. आणि मित्रांनो, संशय घ्यायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः सगळ्यांवर घेतो. फक्त दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावण्याआधी आपल्या डब्याचं झाकण उघडून बघत जा.