जित्या माणसाच्या चित्राला हार

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात निसर्गचित्रांचं प्रदर्शन होतं आणि जुन्या रेक्टर म्हणून वच्छलाबाईंना मानानं बोलावलं होतं. त्या उस्मानपुऱ्यातून रिक्षानं आल्या आणि दारातच त्यांचं तोंड कडू झालं.

म्हणे स्वतःच्या कल्पनेतली चित्रं! सगळी मोबाइलवरून उतरवलेली. लाल कौलांची झोपडी, तळ्यात राजहंस. काढणारीचा जन्म वैजापूरचा आणि राजहंस! त्यांच्या काळी मुली खिडकीतून दिसणारा करपलेला डोंगर काढायच्या, तोही गेरूनं.

एकच चित्र खरं होतं, कन्नड तालुक्यातल्या प्रांजलीचं. उघडं माळरान, पांगलेली मेंढरं आणि काठी टेकून उभा तिचा आजा, मुंजाबा. 'शिकली की तू आम्हाला इसरशील,' असं तो सारखा म्हणायचा, म्हणून तिनं हे काढलं होतं. आजा-आजीला आणायला ती बसस्टँडवर गेली होती.

पण नव्या रेक्टर आशाबाईंनी प्रत्येक चित्राला झेंडूचा हार घातला होता. खाली उदबत्त्या.

"कुणाचं श्राद्ध आहे का हो?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"शोभा येते, मॅडम. फोटोत उठून दिसतं."

"राजहंसाला खुशाल घाला. या चित्रात जिवंत माणूस आहे."

"लहानसाच तर आहे!"

ही बाई डॉक्टरेट मिळवलेली होती. वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात प्रांजली दोघांना घेऊन आलीच. आजी, बानाबाई, चित्रापुढं थबकली.

"आगं बया, ह्ये तर आपलं म्हातारं!" मग हार दिसला आणि तिचा हात गळ्यातल्या डोरल्याकडं गेला. "जित्या माणसाला हार? माझं कुकू पुसायला निघाल्या व्हय गं तुम्ही?"

"वरडू नको, मी हितंच हाय की," मुंजाबा म्हणाला. तो चित्राला नाक लावून उभा होता. "काळी लंगडी मेंढी बी काढलीस व्हय, पोरी? नाय इसरलीस."

प्रांजलीनं हार काढला.

"हार नसेल तर चित्र राहणार नाही," आशाबाई कडाडल्या. "पाहुणे फाटकात आलेत. रांगेत एकच मोकळं कसं दिसेल?"

प्रांजलीनं क्षणभर भिंतीकडं पाहिलं. मग चित्रही उतरवलं आणि आज्याच्या हातात दिलं.

आशाबाईंनी तो हार उचलून रिकाम्या खिळ्याला अडकवला. रांग पुन्हा सरळ झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले.

वच्छलाबाई बाहेर पायरीवर येऊन बसल्या. चित्र मांडीवर घेऊन मुंजाबा त्यांना कोणतं मेंढरू कसं खोडीचं ते सांगत होता आणि बानाबाई अजून पुटपुटत होती. आतून शिपाईण धावत आली.

"मॅडम, सत्काराची शाल राहिली तुमची. सगळे थांबलेत."

"खिळ्याला घाला म्हणावं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि मुंजाबाकडं वळल्या, "हं, या लंगडीचं काय सांगत होतात?"