खंडेनवमीला धुतलेला कोश

मित्रांनो, आधी हात पुसून या. तेलाचे, गुळाचे, चिंचेचे हात मला चालत नाहीत. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. किती जुना, ते माझ्या पहिल्या पानावर छापलेलं होतं; ते पान गुडदाणीच्या पुडीत गेलं. मी जाडजूड दिसतो, पाठ वाकडी आहे, नीट मिटत नाही, म्हणून हसू नका. मी जन्मतः असा नव्हतो. मला असं केलं गेलं. कुणी केलं ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे, आणि सांगताना माझा आवाज चढला तर मुकाट्यानं ऐकून घ्या.

मुंबईच्या छापखान्यात मी छापला गेलो आणि पुण्याला बुधवारातल्या एका दुकानात आलो. तिथून मला तळेगावच्या एका मास्तरांनी नेलं. ते इंग्रजी शिकवत. पान उलटताना बोटाला थुंकी लावणाऱ्या पोराला ते छडी देत. असा गुणी माणूस मला पुन्हा भेटला नाही. मानमोडीच्या साथीत मास्तर गेले आणि त्यांच्या पुतण्यानं मला रद्दीत घातलं. शहाणपणाची केवढी ही किंमत!

रद्दीतून मी लोणावळ्याच्या बाजारात कोंडाजी गुडदाणीवाल्याच्या फळीवर येऊन पडलो. हा कोंडाजी रोज माझी दोन पानं टरकावी आणि त्यात गुडदाणी बांधून गिऱ्हाइकाला देई. पहिलं पान गेलं, प्रस्तावना गेली, 'ए' अक्षराची सुरुवात गेली. ज्या शब्दांसाठी विद्वानांनी डोळे फोडले, ते शब्द लोकांनी चाटून गटारात टाकले. मी काय करणार? कोशाला हात नसतात.

एके दिवशी डोक्याला लाल पटका बांधलेला एक तरणा गडी फळीपाशी थांबला. तो वलवणचा महिपती. त्याचं खालचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं होतं. वरच्या माळावर नाचणी-वरई होई, तेवढ्यावर भागेना, म्हणून तो रेल्वेत सांधेवाला झाला होता. खटका ओढून गाडीला या रुळावरून त्या रुळावर घालायचं, हे त्याचं काम. त्यानं आपली करवंदांची पाटी कोंडाजीपुढे ठेवली आणि मला मागितलं.

"काय करनार रं ह्याचं?" कोंडाजीनं विचारलं.

"वाचनार."

"चाटून बग आदी. गूळ लागलाय त्येला."

महिपतीला मालगाडीचा गार्ड व्हायचं होतं. इंग्रजी तिसरीपर्यंत तो शिकला होता. गार्डाच्या परीक्षेत इंग्रजी उतारा वाचायचा आणि त्यात काय सांगितलं आहे ते साहेबाला आपल्या शब्दांत समजावून द्यायचं असे. परीक्षेला दोनदाच बसू देत. दुसऱ्यांदा नापास झालेला माणूस जन्मभर खटकाच ओढणार, हे ठरलेलं.

आता महिपतीची अभ्यासाची तऱ्हा ऐका. हा गडी भजनी मंडळात टाळ वाजवणारा. त्याला एकच विद्या ठाऊक: म्हणायचं, म्हणायचं, तोंडात बसेपर्यंत म्हणायचं. त्यानं माझे शब्द खडूनं खटक्यांवर लिहिले. एका खटक्यावर 'ऑब्स्ट्रक्शन', दुसऱ्यावर 'कॉशन', तिसऱ्यावर 'ग्रेडियंट'. खटका ओढला की शब्द म्हणायचा, अर्थ म्हणायचा. "ऑब्स्ट्रक्शन म्हंजी अडथळा!" असं ओरडून तो खटका खेचे. मला हे आवडत नव्हतं, पण निदान माझे शब्द कुणाच्या तरी तोंडी होते, आणि त्यांना गूळ लागलेला नव्हता.

सांधेवाल्यांचा जमादार होता रखमाजी. स्वतः या परीक्षेत दोनदा आपटलेला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. याचं तर सदाच जळत असे. त्यानं पटक्याच्या टोकानं खटक्यांवरचे शब्द पुसले.

"रेल्वेचा खटका हाय, तुज्या बापाची पाटी न्हाई," तो म्हणाला. "लेका, तू गार्ड झालास तर तुजी पेटी मी डोक्यावर घेऊन गाडीत ठेवीन. समद्यांदेखत सांगतो."

 दुसऱ्या दिवशी शब्द पुन्हा खटक्यांवर होते. रखमाजीनं पुन्हा पुसले. वर्षभर हे चाललं.

पहिल्या परीक्षेत काय झालं, ते महिपतीनं घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हणून मला कळलं. साहेबानं नियमाच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला आणि विचारलं, याचा अर्थ काय? यानं तोच उतारा पहिल्यापासून धडधडा म्हणून दाखवला. साहेब म्हणाला, तो मी वाचला आहे, अर्थ सांग. यानं पुढचा उतारा म्हणून दाखवला! साहेबानं त्याला पोपट म्हटलं आणि बाहेर घालवलं. मला इतका संताप आला! माझ्यात अर्थच अर्थ भरलेले असताना या मठ्ठाला एक सांगता येऊ नये?

आणि त्याची बायको. रतनबाई. मित्रांनो, माझं आयुष्यात कुणाशी खरं वैर असेल तर ते या बाईशी. मी घरात आलो त्या दिवसापासून ती माझ्याकडे सवतीसारखी बघे. "नाचनी कापायला आली, मानूस न्हाई, आन ह्ये बसल्यात त्या ठोकळ्याला मांडीवर घेऊन," असं ती मला ऐकू जाईल असं म्हणायची. एकदा तिनं माझ्यावर विरजणाचं गाडगं ठेवलं. त्याचा गोल डाग अजून आहे. मागच्या पुठ्ठ्यावर बघा.

दुसरी आणि शेवटची परीक्षा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आली, कल्याणला. घटस्थापनेपासून महिपती मला सोडत नव्हता. त्यानं माझ्या कडेला बारीक अक्षरांत शेकडो खुणा केल्या होत्या. उताऱ्यात शब्द अडला की खूण बघायची आणि लगेच पान काढायचं. तो माझ्यावाचून एक ओळ पुढे जात नव्हता. मला त्याचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीला तो सकाळच्या कामावर गेला. आमच्या मावळात त्या दिवशी अवजारांची पूजा असते. नांगर, कोयता, विळा, कुऱ्हाड घासूनपुसून धुवायची, तेल लावायचं, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. रतनबाईनं अंगणात घंगाळ भरलं. कोयता धुतला. विळा धुतला. महिपतीचे लाल-हिरवे बावटे धुतले. मग ती घरात आली आणि तिनं मला उचललं.

मला वाटलं, ही मला बाजूला ठेवते आहे. तिनं मला घंगाळात बुडवलं!

एकदा नाही, तीनदा. वरून नारळाच्या शेंडीनं घासलं. पान न् पान पाणी प्यायलं. महिपतीच्या शाईच्या खुणा निळ्या होऊन घंगाळात उतरल्या. आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून त्या बाईनं माझ्या पाठीला करडईचं तेल चोपडलं, आणि मला पाटावर कोयत्याच्या वर मांडून कुंकू लावलं.

महिपती घरी आला आणि त्यानं पाटाकडे बघितलं.

"ह्ये काय केलंस?"

"धुतलं. अवजार हाय न्हवं तुमच्या पोटापान्याचं? न धुता पुजायचं व्हय?"

"अगं, कागुद धुत्यात का?"

"पाटी धुत्यात की सरस्वती काडायच्या आदी! मला वाटलं, ही थोरली पाटी."

"माजं वाटोळं केलंस!" तो ओरडला. "वर्सभर डोळ्यांत खुपत व्हतं तुज्या. आज डाव साधलास."

"मी डाव साधला? म्या त्येला कोयत्याच्या वर मांडलं, कोयत्याच्या!"

मीही तेव्हा हेच म्हणत होतो की तिनं डाव साधला. माझ्या पानांची लापशी झाली होती. मला कौलांवर वाळत टाकलं. दसऱ्याच्या उन्हात मी टम्म फुगलो, आणि सुकलो तेव्हा माझी पानं एकमेकांना चिकटून लाकडासारखी कडक झाली होती. कुठलंही पान काढायला जावं तर फाटे. परीक्षेला दोन दिवस, आणि मी बंद.

घरात अबोला. महिपती ओसरीवर नियमांचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसला होता. रतनबाई सुपात तांदूळ निवडत होती. मला शेजारी पाटावर ठेवलं होतं, मेलेल्या माणसाला ठेवतात तसं. काही करायला नाही म्हणून त्यानं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, भजनाच्या चालीत. घाटातल्या कॅच सायडिंगचा नियम होता.

रतनबाईनं सूप थांबवलं. "ह्ये समदं म्हन्ताय, पन म्हंजी काय वो?"

"तुला काय करायचंय?"

"माज्यामुळं वाटोळं झालं म्हन्ताय. तर मला कळू द्या, कशाचं झालं."

महिपती रागारागानं उठला. त्यानं तिच्या सुपातले मूठभर तांदूळ घेतले आणि जमिनीवर त्याची रेघ ओढली. "ह्यो घाटाचा रूळ. हितून गाडी खाली उतरती. आन ह्यो," त्यानं बाजूला वर चढणारी दुसरी रेघ ओढली, "ह्यो आडरूळ. चढाचा. सांधा कायम आडरुळालाच लावून ठिवायचा. गाडी पुरती थांबली, शिटी दिली, तरच खालचा रूळ द्यायचा."

"आन शिटी न्हाई दिली तर?"

"तर न्हाई द्यायचा. समजायचं, गाडी हातची सुटली. जाऊ दे चढावर. दमंल आन थांबंल."

"साहेब म्हनला तरी न्हाई?"

"साहेबाचा बाप म्हनला तरी न्हाई."

"बरं. ह्ये झालं तुमच्या खटक्याचं. गार्डानं तवा काय करायचं?"

 गार्ड व्हायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न वर्षभरात पडला नव्हता. मलाही पडला नव्हता. त्यानं नियमाचं पुस्तक ओढलं आणि तो उतारा पहिल्यांदा, खरोखर पहिल्यांदा, वाचला. दोन शब्द अडले. त्यानं सवयीनं माझ्याकडे हात केला, मग मागे घेतला. आजूबाजूच्या ओळींवरून त्यानं ते शब्द लावले. "ब्रेक आवळायचा… मागं मानूस लाल बावटा घिऊन धाडायचा… जागा सोडायची न्हाई," तो हळूहळू सांगत गेला. ती प्रत्येक वेळी विचारत गेली, "म्हंजी काय?" कधी चिडून, कधी टोमणा मारून. तो तसाच चिडून सांगत गेला. दोन दिवस त्या ओसरीवर भांडणच चाललं होतं म्हणा ना. पण नियमाचं सगळं पुस्तक तांदळात मांडून झालं.

कल्याणला साहेबानं दुसराच उतारा दिला, कधी न पाहिलेला. महिपतीच्या तोंडात चाल आली. मग तो थांबला. रतनबाई समोर सूप घेऊन बसली आहे असं त्यानं मनात धरलं, म्हणतो, आणि साहेबाच्या टेबलावर टाक आणि पट्टी रुळांसारखी मांडून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटला. साहेबानं विचारलं, ड्रायव्हरनं शिटी दिली नाही तर? महिपती म्हणतो, त्याला हसूच आलं.

तो पास झाला, मित्रांनो.

पहिल्या गाडीला रखमाजी फलाटावर होता. सगळे सांधेवाले बघत होते. त्यानं दात खाऊन गार्डाची पेटी डोक्यावर घेतली आणि ब्रेकगाडीत ठेवली. पेटीत बावटे होते, शिटी होती, नियमांचं पुस्तक होतं. मी नव्हतो. सकाळी महिपतीनं मला पेटीत घालायचा फार प्रयत्न केला. मी इतका फुगलो होतो की झाकण लागेना. शेवटी त्यानं मला रतनबाईच्या हातात दिलं.

म्हणजे मी उरलो कुणापाशी? माझ्या वैरिणीपाशी. तेव्हापासून वीसेक खंडेनवम्या झाल्या. दर वर्षी ती कोयता धुते, विळा धुते, आणि मला कोरड्या फडक्यानं पुसून कोयत्याच्या वर मांडते. घंगाळ दिसलं की मी अजून घाबरतो. तिनं माझी पानं वाया घालवली, त्याची मी तिला क्षमा केलेली नाही आणि करणार नाही.

पण एक गोष्ट मला डाचते, ती सांगून तोंड मिटतो. तेवढं मिटता येतं मला. माझ्यात चाळीस हजार शब्दांचे अर्थ होते. मी उघडा होतो तेव्हा महिपती नापास झाला, आणि मी बंद पडलो तेव्हा पास झाला. मी त्याला नुसती उत्तरं दिली. "म्हंजी काय?" हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. ते त्या अडाणी बाईनं विचारलं.

मित्रांनो, पुस्तकाला पाण्यापासून, गुळापासून, गाडग्यापासून जपा. त्याचं पान फाडून पुडी बांधू नका. आणि वाचून झालं की ते मिटून, घरात जे माणूस तुमच्याशी सर्वांत जास्त भांडतं, त्याला त्यातलं काय कळलं ते सांगून बघा.

जा आता. आणि जाताना मला पाटावर नीट ठेवा. कोयत्याच्या वर.