खुशालराव खुर्चीत बसले

“माह्या पाळीचं पानी चोरलं तुमी!” जाईबाई चारीच्या काठावरून ओरडली. तिच्या पायाशी वाफ्यातला कोवळा सांबार सुकून माना टाकून पडला होता. आठ दिवसांत त्याच कोथिंबिरीच्या जुड्या परतवाड्याच्या बाजारात गेल्या असत्या. पलीकडे खुशालरावांच्या संत्र्याच्या आळ्यांत मात्र पाणी चकाकत होतं.

“मंगळवारी मी गावातच नव्हतो. खोटारडी बाई!” खुशालराव पलीकडून गरजले.

जाईबाईनं आणि तिच्या लेकीनं, पौर्णिमानं, मंगळवारी त्यांना चारीचं गेट उचलताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पण खुशालराव पाण्याच्या संस्थेचे अध्यक्ष, शाळा समितीचेही अध्यक्ष. ज्याच्या हाती ससा तो पारधी. गावानं खाली मान घातली. सांबार गेला त्याचं तिला एवढं नाही वाटलं. ‘खोटारडी’ हा शब्द मात्र काट्यासारखा आत मोडून राहिला.

पंधरा दिवसांनी मेथी खुडताना पौर्णिमा इंग्रजीत पुटपुटत होती.

“काय बडबडून राहिली वं?”

“हीना मॅडम नाटकातून इंग्रजी शिकवतात, माय. एकानं खुर्चीत बसाचं, कोनीतरी दुसरं व्हाचं. बाकीच्यायनं इंग्रजीत सवाल इचाराचे. काल मी डाक्टर झाली होती.”

“खुर्चीतल्यानं जबाब द्याच लागते?”

“हाव.”

जाईबाईचा खुडता हात थांबला. “पालक सभेत खुशालरावले बसवा.”

“थो कसा बसंन?”

“बसंन वं! खुर्ची दिसली का थो बसतेच.”

त्या दिवसापासून जाईबाईच्या वावरात तीन इंग्रजी सवाल घोकले जाऊ लागले. मजुरीला आलेल्या बायांनीही ते अर्थासकट पाठ केले. त्यांतली आशाबाई तर तण निंदताना ते गाण्यासारखे म्हणायची.

सभेच्या दिवशी शाळेचा व्हरांडा बायांनी गच्च भरला. पोरांचा खेळ संपला तशी जाईबाई उठली. “अध्यक्षसाहेब दोन सालं नागपुरात राह्यले. त्यायचं इंग्रजी आमाले आयकू द्या ना.”

खुशालरावांनी टोपी सारखी केली आणि खुर्चीत बसले.

“साहेब, मराठीतून सांगू का प्रश्न?” हीना मॅडमनं विचारलं.

“काई गरज नाई.”

पौर्णिमा पुढं आली. तिनं ठणठणीत आवाजात विचारलं, “डिड यू ओपन द गेट ऑन ट्यूसडे?”

“येस.” खुशालराव हसले.

व्हरांड्यात खसखस पिकली. ते आणखी फुलले.

“वॉज इट माय मदर्स टर्न?”

“येस, येस!”

“डिड यू लाय टू द व्हिलेज?”

“येस! व्हेरी गुड!”

आता हसू कोणालाच आवरेना. हीना मॅडमनं डोळे मिटून घेतले. आशाबाईनं उभं राहून तिन्ही सवाल मराठीत सांगितले, एकेक, दाणे निवडावे तसे. “मंगळवारी गेट तुमी उचललं काय? हाव म्हनाले. जाईच्या पाळीचं पानी होतं काय? हाव म्हनाले. गावापाशी खोटं बोलले काय? हाव, हाव!”

खुशालरावांचा चेहरा उतरला. “हे... हे मले...”

“काय तुमाले?” जाईबाई जवळ गेली. तिचा आवाज अगदी मऊ होता. “समजलंच नाई म्हनता काय? मंग सांगा ना गावाले, इंग्रजी येत नाई म्हना. नाई तं पानी चोरलं म्हना. दोनातलं एक घ्या. मी थांबतो.”

खुशालरावांनी बायांकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. खुर्चीचे हात घट्ट धरले.

“इंग्रजी काहून नाई येत मले?” ते गुरगुरले. “सारं समजते!”

“आयकलं न बाप्पा हो?” जाईबाई गावाकडं वळली. “खोटारडं कोन थे?”

पुढच्या मंगळवारी पाळीचं पाणी वेळेवर आलं. खुशालराव धुऱ्याच्या बांधावरून खाली पाहत चालले होते. जाईबाईनं नव्यानं पेरलेल्या सांबाराच्या वाफ्याचं तोंड फोडलं, पाणी आत घेतलं, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पहिला सवाल म्हटला.