एक ओळ खाली

बाबांचं औषधांचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण लेबल वाचल्याशिवाय स्वयंपाकघरातल्या मिठालाही हात लावायचा नाही, ही सवय सुटली नव्हती. माणसं मात्र एकेक करून आठवणीतून सुटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, "रोज फोटो दाखवा, कोण कोण ते वाचून घ्या. राहील तेवढं राहील." लेकीची मागणी फार मोठी नव्हती. आई गेली होती. बाबांना ती निदान फोटोत ओळखू यावी, एवढंच.

लेक नोकरीसाठी लांबच्या गावी. दिवसभर फायलींचे ढीग उपसणं हेच तिचं काम, त्यामुळे फोटोंखाली चिकटवायच्या लेबलांचं हे घरचं कामही तिनं ऑफिसच्याच थाटात काढलं. बाबांना सांभाळणाऱ्या ताईंनी अल्बममधल्या प्रत्येक फोटोत काय दिसतं ते एकेका ओळीत लिहून पाठवलं: टोपीवाले गृहस्थ, सायकलजवळ उभ्या बाई, दोन वेण्यांची मुलगी. मोठ्या आत्याकडे त्याच अल्बमची दुसरी प्रत होती. त्यातला प्रत्येक जण बाबांचा कोण लागतो, ते तिनं फोनवर क्रमानं सांगितलं आणि लेकीनं टाइप केलं. मग कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत 'पेस्ट' ही कमांड, पुढे दोन फायलींची नावं, आणि एंटर. पापणी लवायच्या आत पहिल्या फायलीच्या प्रत्येक ओळीशेजारी दुसरीतली ओळ येऊन बसली. शेवटी एक शब्द फोटोविना उरला: 'लेक'. आत्याला आपला भारी पुळका, तिनं लाडानं आपल्यालाही घुसडलं, असं समजून हिनं हसत ती ओळ पुसून टाकली. बाकीचं वाचून बघायचे कष्ट काही घेतले नाहीत. यंत्र कशाला चुकतंय, असा तिचा तोरा. लेबलं छापून गेली आणि ताईंनी ती इमानेइतबारे चिकटवली. ताईंनी आईला कधी पाहिलंच नव्हतं.

लेकीला सुट्टी मिळाली तोवर बाबांचा सगळा अल्बम पाठ झाला होता.

"या, बसा," ते म्हणाले आणि हौसेनं पानं उलटू लागले. "हा माझा थोरला भाऊ. औषधं उधार न्यायचा, वर बरं वाटलं नाही म्हणून भांडायचा."

लेक पोट धरून हसली. पुढच्या पानावर चड्डीतलं एक पोर लाकडी घोड्यावर बसलं होतं.

"हे आमचे मामा."

"एवढेसे मामा?"

"लिहिलंय ना."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. सायकलजवळ उभ्या आईवर बोट ठेवून बाबा म्हणाले, "ही मेहुणी. बायकोची बहीण." मग शेवटच्या पानावरची दोन वेण्यांची मुलगी, म्हणजे ती स्वतःच. "आणि ही माझी बायको."

तिनं दोन्ही फायली उघडल्या. आत्याच्या प्रतीतला एक फोटो बाबांच्या अल्बममधून कधीच गळून पडला होता. ताईंनी तो लिहिला नाही, लिहिणार कशा? आत्यानं मात्र सांगितला. तिथून पुढे प्रत्येकाचं नातं एक ओळ खाली, पुढच्याच्या फोटोशेजारी सरकलं होतं, आणि पेस्टनं चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती नवी लेबलं छापून घेऊन आली आणि जुन्यांवर चिकटवू लागली. बाबांनी तिचा हात धरला.

"लेबलावर लेबल असलेली बाटली मी आयुष्यात विकली नाही. खाली काय दडवलंय कोण जाणे." त्यांनी नखानं नवं लेबल खरवडून काढलं.

"बाबा, ही आई आहे हो. चूक माझी झाली."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? इथं सगळं बरोबर आहे. रोज वाचतो मी."

तिला रडू आवरेना. त्यांच्या डोक्यात आईची काही खूण उरली असेल, तर ती आपणच पुसली, आणि आता पुन्हा लिहायला गेलं तर हे लिहू देत नाहीत. शेवटी तिनं धीर करून विचारलं, "आणि तुमची मुलगी?"

बाबांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. चष्मा लावून त्यांनी अल्बम पहिल्या पानापासून घेतला. एकेका लेबलावर बोट ठेवत, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला. मग तिच्या पाठीवर हात ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाले, "मुलगी नव्हती आम्हाला. असती, तर इथं लिहिलेलं असतं."